उलट पिळाची तार

१

ज्या गुरुवारी हिरवीचं इंजिन तिचं स्वतःचं नाही हे कळलं, त्या सकाळी मी गॅरेजच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसून बूट घालत होतो. लेक आतून आली आणि म्हणाली, “बाबा, आत या. आणि काही बोलू नका.” मला आधीच गप्प राहायला सांगितलं की समजावं, प्रकरण जावयाचं आहे.

हिरवी म्हणजे डॉक्टरीणबाईंची दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी. वय अठ्ठावन्न वर्षं. चौतीस वर्षं ती आमच्याकडेच येते. आधी गॅरेज मी आणि बायको चालवायचो, आता लेक आणि जावई चालवतात. ही, म्हणजे बायको, जाऊन नऊ महिने झाले. तेव्हापासून मी कामाला हात लावलेला नाही. सकाळी येतो, स्टुलावर बसतो, कोणी विचारलं तर सांगतो.

ब्रेक आणि कार्बोरेटर ठीक करायला हिरवी तीन आठवडे आमच्याकडे होती. ती परदेशात विकली जायची होती आणि गिऱ्हाइकाचा पारखी त्या दिवशी तपासायला आला होता. मी आत गेलो तेव्हा त्याने डायनॅमो खोलून खाली ठेवला होता. डायनॅमोच्या मागे इंजिनाच्या ब्लॉकवर कारखान्यात ठोकलेला आकडा असतो. ब्लॉक म्हणजे बिडाचं ते जड धूड, ज्यावर बाकी सगळं इंजिन बसतं. पारख्याने आकडा वाचला, कागद पाहिले, पुन्हा आकडा वाचला. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, कागदावर एक आहे आणि लोखंडावर दुसरं. हे इंजिन ह्या गाडीचं नाही.

विक्री ठरवणारा दलाल लगेच पुढे आला. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंच्या घरी आपण स्वतः रुमालाने पुसून तो आकडा वाचला होता, तेव्हा तो बरोबर होता, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

याचा अर्थ एकच होत होता. इंजिन ह्या तीन आठवड्यांत बदललं गेलं. सगळे जावयाकडे पाहायला लागले.

डॉक्टरीणबाई आवाज चढवणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी पर्स उचलली. “सोमवारी सकाळी मी पोलिसांत जाणार,” त्या म्हणाल्या. “त्याआधी माझं इंजिन मिळालं तर नाही जाणार.”

२

एका आकड्यासाठी एवढं कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

बाईंनी गाडी घेतली तेव्हा ती एका शिलाई मशीनच्या किमतीत मिळाली होती. दवाखान्याकडे बस जात नव्हती म्हणून घेतली. तेव्हा लोक हसले होते. आज त्या गाडीच्या किमतीत आमच्या गल्लीतली चार घरं येतील. गाडी तीच आहे. बदललं ते जग. कारखान्याने अशा चारशे बारा गाड्या केल्या आणि तो बंद पडला. काही जळाल्या, काही गंजल्या. मधल्या काळात, ज्या देशांची नावं आम्ही फक्त नकाशात वाचली होती, तिथे खाणींत, फोनांत, जमिनींत लोकांनी अफाट पैसा केला. लहानपणी ह्यातल्या कुणीतरी वहीत ह्या गाडीचं चित्र चिकटवलेलं असतं. असे दोघे एका लिलावात समोरासमोर आले की कुणाचाच हात खाली येत नाही. दलाल चहा पिता पिता म्हणायचा, “गाड्या वाढत नाहीत काका, श्रीमंत वाढतात.”

आणि ह्या लोकांना सगळं अस्सल हवं. गाडी जन्माला आली त्याच इंजिनासकट असेल तर पूर्ण किंमत. दुसरं इंजिन असेल, अगदी त्याच बनावटीचं आणि जास्त चांगलं चालणारं असेल, तरी किंमत निम्मी. म्हणजे चालण्याला किंमत नाही, आकड्याला आहे. आयुष्यभर इंजिनं चालती करण्यात घालवलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

शुक्रवारी गाडीच्या विमा कंपनीने चौकशीला एक बाई पाठवली. पन्नाशीची, ठेंगणी, पँटच्या खिशात सहा इंची लोखंडी पट्टी. गॅरेजमधल्या पोरांनी तासाभरात तिचं नाव फूटपट्टी ठेवलं. तिने मला विचारलं, तुम्ही इथे काय करता. मी म्हटलं, बसतो. कधीपासून? नऊ महिने. वाईट वाटलं वगैरे काही ती बोलली नाही. दुसरं स्टूल ओढून शेजारी बसली. तिथेच ती मला आवडली.

मग तिने एकेकाला बोलावलं. जावयाने सांगितलं की गाडीची किल्ली त्याच्याच खिशात असते आणि इंजिन काढून बसवायला त्याला दोन दिवस पुरतात. खरं होतं, पण असं सांगायचं असतं का? स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात दोर अडकवणारा माझा जावई. लेकीने कपाळाला हात लावला.

पाठोपाठ ठेंगू आला. पलीकडच्या रस्त्यावर त्याचं जुन्या भागांचं दुकान आहे. सहा फुटांवर उंची, म्हणून ठेंगू. लाकडी खोक्यांत भरून तो देशोदेशी माल पाठवतो. असा ब्लॉक गुपचूप विकायचा तर ह्याच्यासारखा माणूस नाही. पण त्याने आपल्यावरचं बालंट पुढे ढकललं. दहा दिवसांपूर्वी जावयानेच आपल्याला ह्या गाडीच्या ब्लॉकचा भाव विचारला होता, असं तो म्हणाला.

जावयाचा चेहरा पडला. “विचारला,” तो म्हणाला. “दलाल रोज येऊन आकडे फेकायचा. म्हटलं, बघू तरी खरं का. भाव विचारला म्हणजे चोरी केली का?”

“नाही,” फूटपट्टी म्हणाली. “पण विचारला नसता तर माझं काम सोपं झालं असतं.”

संध्याकाळी ती गाडीखाली शिरली. बराच वेळ फक्त तिचे बूट दिसत होते. मग आवाज आला, “काका, गुडघे चालतात का? खाली या. एक गोष्ट दाखवायचीय तुम्हाला.”

३

इंजिन ज्या बोल्टांवर बसतं ते धक्क्याने सैल होऊ नयेत म्हणून दोन दोन बोल्टांच्या डोक्यांतून तार ओवून ती पिळून बांधतात. फूटपट्टीने बॅटरीचा झोत त्या तारेवर धरला. बोल्टांवर तेल आणि धुळीचं जाड किटण होतं. तीन आठवड्यांत इंजिन काढलं असतं तर हे किटण फुटलं असतं.

मी म्हटलं, मग जावई सुटला. ती म्हणाली, अजून नाही. भाव चढले तसे लोक धूळसुद्धा बनवायला लागले. चहाची भुकटी आणि काळं तेल शिजवून तीस वर्षांचं किटण एका दुपारी तयार केलेलं तिने पाहिलं होतं. “पण तार पिळताना माणूस विचार करत नाही,” ती म्हणाली. “हात जसा वळतो तसा वळतो.”

शनिवारी सकाळी तिने सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं आणि प्रत्येकाला दोन बोल्ट आणि तारेचा तुकडा दिला. जावयाने पिळली. ठेंगूने पिळली. दलालाने बोट टोचून घेतलं, रुमाल गुंडाळला आणि कशीबशी पिळली. तिने लेकीला दिली, मलाही दिली. नऊ महिन्यांत माझ्या हातात आलेलं ते पहिलं काम. पाचही तारा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. सगळ्यांचा पीळ एका दिशेला होता.

मग तिने गाडीखालून कापून आणलेली तार त्यांच्या शेजारी ठेवली. तिचा पीळ उलटा होता.

“इथे डावखुरं कोण?” तिने विचारलं.

लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीजवळच्या खणांच्या कपाटाकडे पाहत होती. तिसरा खण हिचा, लेकीच्या आईचा. त्यात पाने उजवीकडून डावीकडे मांडलेले असायचे, आणि घाईत मी तिथे हात घातला की हमखास चुकीचा पाना हातात यायचा. त्यावरून आमची किती भांडणं झाली असतील त्याला गणती नाही.

“इथे कोणी नाही,” मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. नऊ महिन्यांपूर्वी झालं असतं.

४

तो सगळा दिवस मी एकच गोष्ट चघळत होतो. हिरवीचं इंजिन हिने काढलं होतं. मला न सांगता काढलं होतं. चौतीस वर्षांत त्या गाडीचा डायनॅमो मी स्वतः चार वेळा खोलला असेन, पण मागचा आकडा कधी पाहिला नाही. तेव्हा आकडा कोण बघायचं? ती तारही नजरेखालून गेली असेल. दोघांचे हात सगळीकडे होते, वेगळं काय वाटणार? पण जुना ब्लॉक गेला कुठे? हिने तो विकला का? कुणाला, कशासाठी? जी बाई सापडलेला स्क्रूसुद्धा मालकाला शोधून परत करायची, तिच्याबद्दल मी असा विचार करतोय ह्याची मला लाज वाटत होती.

रविवारी सकाळी लेकीने मला जिन्यात गाठलं. तिलाही सगळं समजलं होतं. “बाबा, सांगितलंत तर आई चोर ठरेल,” ती म्हणाली.

“आणि नाही सांगितलं तर तुझा नवरा.”

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, आईला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? उत्तर दोघांनाही माहीत होतं. मी खाली जाऊन फूटपट्टीला हिचा खण उघडून दाखवला.

तिने पाने पाहिले. एकाही पान्याला हात लावला नाही.

“काका,” ती म्हणाली, “चोरी व्हायला आधी किंमत लागते. ह्या तारेचा गंज बघता हे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं काम आहे. तेव्हा अख्खी गाडी शिलाई मशीनच्या भावात मिळत होती. तेव्हा फुटका ब्लॉक काढून दुसरा बसवला तर त्याला दुरुस्ती म्हणायचे. तोच ब्लॉक, तेच हात. मधे जग श्रीमंत झालं म्हणून त्या कामाला आज आपण चोरी म्हणतोय.”

मग दलालाने पुसून वाचलेल्या आकड्याचं काय, मी विचारलं.

“त्याला बोलावलंय,” ती म्हणाली. “तो यायच्या आत तुमच्या जावयाला एवढं सांगा, डायनॅमो परत जागेवर बसव.”

५

दलाल आला तेव्हा डायनॅमो घट्ट बसवलेला होता. फूटपट्टीने त्याला साधं सांगितलं, दोन महिन्यांपूर्वी वाचला होतात तसाच आता वाचून दाखवा. दलालाने ऐटीत रुमाल काढला आणि वाकला. उजवीकडून वाकला, डावीकडून वाकला. डायनॅमो आणि ब्लॉक यांच्यामधे त्याचं करंगळीचं टोकसुद्धा जाईना. ठेंगू मागून म्हणाला, रुमालाला पाना बांधून बघा.

शेवटी तो सरळ उभा राहिला. आकडा आपण पाहिलाच नव्हता, कागदावरून उतरवला होता, हे त्याने कबूल केलं. सगळेच तसं करतात, म्हणाला. गिऱ्हाइकाला लेखी दिलं होतं ‘मूळ इंजिन’, आणि ते खोटं ठरलं असतं तर त्याचं नाव बाजारातून उठलं असतं. म्हणून त्याने दुसऱ्याचं नाव उठू दिलं. त्यावर लेक बोलली. ते मी लिहीत नाही.

आता तीन आठवड्यांचा संशय गेला होता. पण डॉक्टरीणबाईंचं इंजिन मिळालं नव्हतं, आणि जुना ब्लॉक डोळ्यांसमोर येईपर्यंत आमच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? मेलेल्या बायकोवर ढकललं, असंच लोक म्हणाले असते.

फूटपट्टीने मला पुन्हा स्टुलावर बसवलं. लग्न झाल्यापासून गॅरेज सोडून मी कधी दूर गेलो होतो, तिने विचारलं. एकदाच. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, नऊ दिवस. हिरवी तेव्हा गॅरेजमध्ये होती का? होती. व्हॉल्व्हचं काम होतं. परत आलो तोवर हिने ती दुरुस्त करून पोचतीसुद्धा केली होती. हिवाळा कसा होता?



त्या वर्षी बादलीतलं पाणी गोठत होतं. अशा दिवसांत उभ्या गाडीतलं पाणी संध्याकाळी काढून टाकावं लागतं, नाहीतर आत बर्फ होतो, फुगतो आणि बीड फोडतो. हिरवीला पाण्याच्या दोन तोट्या आहेत, एक रेडिएटरखाली आणि एक ब्लॉकच्या कुशीत. नवशिके दुसरी विसरतात. भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गाडीखालीच होतो. पहिली तोटी उघडल्याचं मला आठवत होतं. दुसरी आठवत नव्हती.

“ब्लॉक तुमच्या हातून फुटला,” फूटपट्टी म्हणाली. “आणि भावाला पोचवून आलेल्या माणसाला ते कोण सांगणार?”

मग तिने छताकडे पाहिलं.

६

आमच्या छताला एक लोखंडी रूळ आहे. त्यावरून साखळीची कप्पी सरकते, इंजिनं उचलायला. फूटपट्टी बोलत बोलत त्या रुळाखालून चालायला लागली. हिरवीचा ब्लॉक सव्वाशे किलोचा. एकटी बाई तो कप्पीने उचलेल, पण कप्पी सोडली की तसूभर हलवू शकणार नाही. मदतीला कुणाला बोलावलं तर गोष्ट फुटली असती. म्हणजे ब्लॉक रूळ जाईल तिथेच जाणार. रूळ गाड्यांखाली काम करायच्या खड्ड्यापासून निघतो, कामाच्या टेबलावरून जातो आणि माल गाडीत चढवायला मागच्या दाराबाहेर हातभर निघतो. ती दारात थांबली आणि खाली पाहिलं.

“ही पायरी कधी बांधली?”

मला आठवलं. भावाकडून परत आलो तर दाराला नवी पायरी होती. उंच, ओबडधोबड, गरजेपेक्षा दुप्पट रुंद. मी म्हटलं होतं, हे काय करून ठेवलंस. ही म्हणाली होती, बसायला होते ना?

घण जावयाने आणला. तीन घाव त्याने घातले आणि मग घण माझ्या हातात दिला. माझे हात अजून शाबूत होते. सिमेंटचा थर गेला, खाली विटा निघाल्या, विटांखाली वाळू. वाळूत एक तपकिरी रेनकोट होता. तो बसमध्ये विसरला असं सांगून हिने त्या वर्षी दुसरा घेतला होता.

रेनकोटाच्या आत ब्लॉक होता. बोटभर जाड ग्रीस सगळीकडून थापलेलं. कुणाला कधी दिसणार नव्हतं, तरी लोखंड उघडं ठेवणं तिला जमलं नव्हतं. लेकीने चिंधीने आकडा पुसला. फूटपट्टीने कागद धरला आणि एकेक अंक मोठ्याने वाचला. सगळे जुळले.

कुशीत चीर होती. चिरीच्या खाली तोटी. ती मी हाताने चाचपून पाहिली. बंद होती.

डॉक्टरीणबाईंना लेकीने फोन करून बोलावलं. त्या दवाखान्यातूनच आल्या. मी त्यांना माझ्या तोंडाने सगळं सांगितलं, दोन तोट्यांपासून. त्या मोडलेल्या पायरीजवळ उभ्या राहून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, त्या हिवाळ्यात गाडी परत मिळाली त्याच दिवशी त्या वरच्या वस्तीवर एका बाळंतिणीकडे गेल्या होत्या. रस्त्यात बर्फ होता. गाडी एकदाही बंद पडली नाही.

“मला कुणाचं इंजिन होतं ते काय करायचंय,” त्या म्हणाल्या. “मी पोचले.”

जावयाजवळ जाऊन त्यांनी त्याचा हात धरला आणि माफी मागितली. तो इतका गोंधळला की त्यानेच उलट सॉरी म्हटलं.

७

ठेंगूने घरी जाऊन म्हाताऱ्या बापाला विचारलं, दुकान तेव्हा तोच चालवायचा. बापाला पक्कं आठवत होतं. तेलकट स्वेटरातली एक बाई त्याच कारखान्याच्या साध्या चार दारी गाडीचा ब्लॉक घेऊन गेली होती आणि बदल्यात तिने त्याची बंद पडलेली क्रेन चालू करून दिली होती. डाव्या हाताने काम करत होती, हेही त्याने सांगितलं. फूटपट्टीने ते लिहून घेतलं, माझ्या शेजारी बसून शेवटचा चहा प्यायली आणि गेली.

परदेशी गिऱ्हाइकाने कळवलं आहे की मूळ ब्लॉक दुरुस्त करून बसवला आणि चिरीची गोष्ट लेखी दिली, तर तो थोड्या कमी किमतीत गाडी घेईल. नव्या दलालाचं म्हणणं, घाई करा, असे भाव चढतात तसे उतरतातही. तिकडच्या श्रीमंतांना सर्दी झाली की इकडे गाड्या शिंकतात. बाईंना पैसे दवाखान्याच्या नव्या इमारतीसाठी हवे आहेत, ती आपल्या हाताखालच्या तरुण डॉक्टरकडे सोपवून त्यांना निवृत्त व्हायचं आहे. पण त्यांनी घाई केलेली नाही. आधी ब्लॉक नीट करा, मग बघू, म्हणाल्या. कोण करणार हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

बिडाला जाळ लावून जोड देता येत नाही, ते आणखी तडकतं. चिरीवर ओळीने भोकं पाडायची, प्रत्येकात आटे पाडून स्क्रू घट्ट बसवायचा, आणि पुढचं भोक आधीच्या स्क्रूला थोडं चावून पाडायचं. ह्याला आम्ही टाके घालणं म्हणतो. हळू काम आहे. मी सकाळी आठला सुरू करतो. जावई बॅटरी धरतो आणि शिकतो आहे. त्याचा हात बरा आहे, तोंड अजून सुधारायचं आहे. स्टूल लेकीने कोपऱ्यात सरकवलंय.

चीर एक वीत आणि चार बोटं लांब आहे. दिवसाला तीन टाके होतात. आजपर्यंत एकवीस झाले. सव्वीस अजून घालायचे आहेत.